रोगदेवतेची भावंडे : ग्लॉट बंधू, एर्राचे सप्तक आणि देवीची पाठवणी

१

मराठीत 'देवी' हा शब्द एकाच वेळी देवतेचा आणि रोगाचा वाचक आहे. 'मुलाला देवी आल्या' या वाक्यात रोग झाल्याची वार्ता आहे, तशीच घरी कोणी मानाचे माणूस आल्याची जाणीवही आहे. भाषेने येथे रोगाला व्यक्तिरूप दिले आहे, त्या व्यक्तीशी नाते जोडले आहे आणि त्या नात्याला आदराची चौकट घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, शब्द आणि त्यामागची कल्पनारचना मात्र उरली. रोगाशी नाते जोडण्याच्या या जुन्या कल्पनारचनेचे आधुनिक अद्भुतकथेत काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी निवडलेले उदाहरण रूढ वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेरचे आहे. 'गेम्स वर्कशॉप' या ब्रिटिश कंपनीने १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा पटावर छोट्या मूर्ती मांडून खेळावयाचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. नियमपुस्तिका, युद्धवृत्तान्त, कादंबऱ्या, चित्रे आणि मूर्ती यांच्या मिलाफातून पुढील तीन दशकांत त्याभोवती एक सविस्तर पुराकथा उभी राहिली. तिच्यातील चार प्रमुख विनाशक देवांपैकी नर्गल हा महामारीचा, कुजण्याचा आणि निराशेचा देव होय. या देवाच्या सेवेतील ओटो, एथ्रॅक आणि घर्क या तीन जुळ्या भावांची, म्हणजे 'ग्लॉटकिन' अथवा ग्लॉट बंधूंची कथा २०१४ मध्ये 'द एंड टाइम्स' या मालिकेत आली. रोगदेवतेचे सेवक भावंडेच का असावीत, आणि अशा भावंडांच्या प्राचीन कथांहून ही कथा नेमकी कोठे वेगळी पडते, हे दोन प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

या वेगळेपणाचे मूळ ग्लॉट बंधूंच्या कुरूपतेत शोधणे पुरेसे ठरत नाही. महामारीच्या प्राचीन कथांत दोन गोष्टी जवळजवळ नेहमी आढळतात : सेवकांत किंवा भावंडांत मतभेदाला वाव असतो, आणि देवतेला निरोप देता येतो. ग्लॉट बंधूंच्या कथेत या दोन्हींचा लोप झालेला आहे. तिची भयानकता या लोपातून निर्माण होते.

२

प्रथम कथेची रूपरेषा. वॉरहॅमरच्या जुन्या विश्वातील 'एम्पायर' हे राज्य पवित्र रोमन साम्राज्याच्या धर्तीवर कल्पिलेले आहे. त्याची राजधानी आल्टडॉर्फ रीक नदीवर वसलेली आहे. ग्लॉट बंधू समुद्रमार्गे येऊन मारीनबर्ग हे बंदर घेतात आणि तेथून राजधानीवर चाल करतात. शहराच्या पोटात फेस्टस नावाचा, वैद्याचा रोगप्रसारक झालेला नर्गलभक्त आधीच आपले अनुष्ठान मांडून बसलेला असतो. वेढ्याच्या अखेरच्या झुंजीत ओटोच्या हातून सम्राट कार्ल फ्रान्झ मारला जातो. परंतु आकाशातून कोसळलेल्या दिव्य तेजाने तो पुन्हा उठतो आणि वेढा उधळला जातो. ख्रिस रेट यांची 'द फॉल ऑफ आल्टडॉर्फ' (२०१४) ही कादंबरी याच प्रसंगावर आहे. २०१५ मध्ये मालिकेच्या शेवटी ते सारे विश्वच नष्ट झाल्याचे दाखविले गेले. आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'एज ऑफ सिग्मार' या नव्या विश्वात ग्लॉट बंधू पुन्हा अवतरले.

या तिघांची रचना लक्षणीय आहे. एथ्रॅक हा मांत्रिक, ओटो हा योद्धा आणि घर्क हा भावांना अंगावर वाहून नेणारा अवाढव्य, बुद्धिहीन, सदैव भुकेला देह. मूर्तीतही हे तिघे एकाच आकृतीत बसविलेले आहेत : घर्कचा डोंगराएवढा देह आणि त्यावर आरूढ झालेले दोघे. येथे जॉर्ज द्युमेझिल यांनी भारत-युरोपीय मिथकांत दाखविलेल्या पौरोहित्य, शौर्य आणि पोषण या त्रिविध कार्यविभागाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र ग्लॉटांत ही त्रयी विटलेल्या रूपात दिसते. पौरोहित्याचे येथे रोगाचे मंत्र झाले आहेत, शौर्याची कापणी झाली आहे, आणि पोषणाची जागा कधीच न शमणाऱ्या भुकेने घेतली आहे. समाजाचे तीन आधार वेगवेगळ्या माणसांत वाटले गेले की त्यांच्यात देवघेव करावी लागते, भांडावे लागते, तडजोड करावी लागते. एकाच चालत्या देहात ते रचले की या साऱ्याची गरज संपते.

रसदृष्टीनेही ही कथा विचार करण्याजोगी आहे. भरताने बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे, आणि बीभत्साचा विचार करताना रक्तमांसामुळे होणारा क्षोभ व विष्ठा-कृमींमुळे होणारा उद्वेग यांत भेद केला आहे. नर्गलचे विश्व दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे उद्वेगी बीभत्साचे आहे. परंतु या बीभत्सातून भयानकाकडे जाणारी वाट येथे मध्येच वळते. नर्गलला त्याचे भक्त 'आजोबा' म्हणतात. तो स्वभावाने खेळकर आणि उदार आहे. रोग ही त्याने नातवंडांना वाटलेली भेट आहे. त्याच्या अंगाखांद्यावर खिदळणारी चिमुकली पिशाचे आहेत. ओटोही रडव्या नव्हे, तर हसऱ्या वृत्तीचा सेनानी आहे. बीभत्स येथे प्रथम हास्याकडे आणि मग विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त मान्य केलेल्या वत्सलाकडे सरकतो. वाचकाला किळस येते, पण तो दूर जात नाही. जवळ ओढणारी किळस हा या पुराकथेचा खरा शोध आहे; आणि येथेच 'देवी' या मराठी शब्दाशी तिची गाठ पडते.

३

रोगदेवतेच्या दिमतीला लढवय्या भावंडांचा समूह असणे ही कल्पना अतिशय जुनी आहे. मेसोपोटेमियातील 'एर्रा आणि इशुम' हे अक्कदी काव्य याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. पाच मृत्तिकापट्टांवर लिहिलेले हे काव्य सामान्यतः इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. कबती-इलानी-मार्दुक या रचनाकाराचे नाव काव्यातच आलेले आहे. एर्रा हा महामारीचा आणि युद्धाचा देव. पुढे तो नेर्गल या पाताळदेवाशी एकरूप झाला. 'नेर्गल' आणि 'नर्गल' यांतील ध्वनिसाम्य सहज कानावर पडते. पण नामसाम्यावर उगमाचा निष्कर्ष उभारणे तौलनिक अभ्यासाला मानवणारे नाही. त्याहून अधिक फलदायी आहे ते रचनेतील साम्य.

एर्राच्या सेवेत 'सेबित्ती', म्हणजे 'सात जण', आहेत. आकाशदेव अनू आणि पृथ्वी यांच्यापासून जन्मलेले हे सात बंधू. प्रत्येकाच्या वाट्याला अनूने संहाराचा एकेक गुण दिला आणि त्यांना एर्राच्या हाती सोपविले. काव्याच्या आरंभी एर्रा पत्नीसह शयनागारात सुस्तावलेला आहे. सातही भाऊ त्याला चेतवतात : शहरातील सुखाने माणूस नेभळट होतो, रणातील कष्टच पुरुषाला शोभतात, शस्त्रे वापराविना निकामी होऊ लागली आहेत, माणसांचा गोंगाट वाढला आहे. एर्रा उठतो, मार्दुक देवाला युक्तीने त्याच्या आसनावरून हलवितो आणि बाबिलोनपासून अनेक नगरांत हाहाकार माजवितो. सात हा आकडा नर्गलच्या पंथातही पवित्र मानला आहे, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

परंतु या काव्याला आकार मिळतो तो सात भावांमुळे नव्हे, तर इशुममुळे. इशुम हा एर्राचा अग्रदूत आणि सल्लागार. तो एर्राला रोखण्याचा प्रयत्न करतो. पुढे त्याच्याच कृत्यांचे वर्णन त्याच्यासमोर उभे करून त्याला शांत करतो. न्यायी आणि अन्यायी दोघेही सारखेच मारले गेले, हे इशुमच्या भाषणाचे मर्म आहे. अखेर एर्रा आपण चुकल्याचे कबूल करून मंदिरात परततो. म्हणजे रोगदेवतेच्या परिवारात चेतविणारे आहेत, तसा आवर घालणाराही आहे. काव्याच्या शेवटी, ज्या घरात हा पट्ट असेल त्या घराला महामारी शिवणार नाही, असे वचन दिलेले आहे. आणि या काव्यातील भाग कोरलेले ताईत उत्खननात प्रत्यक्ष सापडले आहेत. कथेचे कथन हाच येथे रोगाच्या परतीचा उपाय ठरतो.

'इलियड'च्या पहिल्या सर्गातील महामारीचा शेवटही असाच होतो. अपोलोचे बाण नऊ दिवस ग्रीकांच्या छावणीवर पडतात. पुजाऱ्याची कन्या परत केल्यावर, यज्ञ आणि स्तोत्र झाल्यावर तो शांत होतो. रोग म्हणजे कोपाचे बोलणे, आणि बोलण्याला उत्तर देता येते, हे दोन्ही काव्यांचे समान गृहीत आहे. आल्टडॉर्फच्या वेढ्यात इशुमचे स्थान रिकामे आहे. नर्गल कोपलेला नसल्यामुळे त्याचा कोप शमविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

४

भारतीय परंपरेतील राक्षसभावंडांचे सर्वांत प्रसिद्ध त्रिकूट रामायणात आहे. रावण, कुंभकर्ण आणि विभीषण यांनाही ग्लॉट बंधूंप्रमाणे एकेक वेगळा गुण लाभला आहे. उत्तरकांडातील कथेप्रमाणे रावणाला देवदानवांपासून अवध्यत्व, कुंभकर्णाला निद्रा आणि विभीषणाला धर्मावरील अढळ बुद्धी मिळते. प्रचंड देहाचा, अतृप्त भुकेचा कुंभकर्ण आणि घर्क यांच्यातील साम्य डोळ्यांत भरणारे आहे. पण साम्य येथेच थांबते. युद्धकांडात जागा झालेला कुंभकर्ण आधी रावणाला त्याच्या अविचाराबद्दल खडसावतो आणि मग भावासाठी लढायला निघतो. विभीषण त्याआधीच लंका सोडून गेलेला असतो. एकाच घरातील तीन भाऊ एकाच अन्यायाला तीन प्रकारे सामोरे जातात : एक तो करतो, एक तो जाणूनही साथ देतो, एक साथ सोडतो. राक्षसांच्या पक्षात नैतिक प्रश्न शिरतो तो या भावंडपणाच्या दारातून. कुंभकर्णाचा मृत्यू वाचकाला चटका लावून जातो, कारण त्याला कळत होते.

घर्कला काही कळत नाही. आणि ओटो व एथ्रॅक यांना जे कळते त्यात दुमत नाही. त्यांच्यात थट्टामस्करी आहे, परस्परांविषयी मायाही आहे. घर्कविषयी दोघा भावांना वाटणारी ओढ हा या कथेतील एक अस्सल मानवी धागा आहे आणि तो नाकारता येत नाही. तथापि ही माया कोणत्याही कसोटीला लागत नाही. भावाने भावाला 'हे करू नकोस' असे म्हणण्याचा क्षणच या कथेत नाही. परिणामी त्यांचा पराभव आतून घडू शकत नाही. त्यासाठी आकाशातून तेज कोसळावे लागते. महाकाव्यात जे काम विभीषणाच्या निर्णयाने होते ते येथे विजेच्या लोळावर सोपवावे लागले आहे. आल्टडॉर्फच्या प्रसंगात रोमांच असूनही शोकात्मतेची खोली अखेरपर्यंत येत नाही, याचे कारण या रचनेत आहे.

५

आता भारतीय रोगदेवतांकडे वळले असता भावंडपणाचे तिसरे रूप समोर येते. उत्तर भारतात शीतला ही सात बहिणींपैकी एक मानली जाते. दक्षिणेतही ग्रामदेवतांच्या सात बहिणींच्या कल्पना रोगाशी जोडलेल्या आढळतात. महाभारताच्या वनपर्वातील स्कंदोपाख्यानात मातृकांना बालकांना पीडा देण्याचा अधिकार मिळतो, पण तो मुले सोळा वर्षांची होईपर्यंतच. आणि त्यांची पूजा झाली असता त्याच रक्षण करतात. म्हणजे पीडेच्या अधिकाराला कालमर्यादा आहे आणि तो अधिकार उलटा फिरविता येतो.

ही मर्यादा विधीतही दिसते. घरात देवी आल्या असता दारी कडुलिंबाचा डहाळा लावणे, फोडणीचे पदार्थ टाळणे, आजाऱ्याशी हळू व आदराने बोलणे आणि शेवटी पूजा करून देवीला निरोप देणे, हा क्रम अनेक प्रदेशांत थोड्याफार फरकाने पाळला जात असे. बंगालीत या रोगाला आईची दया म्हटले गेले आणि अठराव्या शतकात शीतलेची मंगलकाव्ये रचली गेली. त्यांतही देवीची पूजा सुरू होताच मेलेले व आजारी सावरतात. महाराष्ट्रात पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेला जाई. देवी आली, तिचा मान झाला, आता तिने जावे, असा हा व्यवहार आहे. आतिथ्याला सुरुवात असते, तसा शेवटही असतो.

या व्यवहाराचे उदात्तीकरण करणे चुकीचे होईल. शिवेपलीकडे नेलेला गाडा पुढच्या गावाच्या वाट्याला येई. पोतराजाच्या अंगावर ओढला जाणारा आसूड आणि मरीआईच्या सेवेचा भार गावाने ज्यांच्यावर टाकला ते समाजाच्या तळाचे लोक होते. साऱ्या गावाच्या रोगाचे प्रायश्चित्त एका जातीच्या पाठीवर उमटत असे. आंबेडकरी चळवळीने हा भार नाकारला, आणि दलित साहित्याने त्यामागील वेदना शब्दांत मांडली. देवीच्या परिवारातील सेवकाने 'नाही' म्हणणे कसे असते याचे हे ऐतिहासिक उदाहरण आहे. आणि ते कोणत्याही मिथकातील विभीषणापेक्षा अधिक खरे आहे. विधीची ही अन्याय्य बाजू लक्षात घेऊनही त्याच्या कल्पनारचनेतील एक सत्य शिल्लक राहते : रोग हा पाहुणा आहे, घरधनी नव्हे.

नर्गलची कल्पना नेमकी येथे उलट दिशेने जाते. त्याच्या पुराकथेप्रमाणे रोगाने गांजलेला, आशा सोडलेला माणूस त्याला शरण जातो. मग त्याची वेदना थांबते, देह मात्र कुजत राहतो. आणि त्या कुजण्यातच त्याला आनंद वाटू लागतो. देवीच्या बाबतीत रोग जातो आणि व्रण राहतात. नर्गलच्या बाबतीत वेदना जाते आणि रोग राहतो. व्रण ही आठवण आहे. आपल्यावर काही ओढवले होते आणि ते संपले, याची ती साक्ष आहे. ग्लॉट बंधूंच्या देहावर व्रण नाहीत, कारण त्यांच्यावर ओढवलेले काही संपलेलेच नाही. दोन्हीकडे देवता वत्सल आहे, दोन्हीकडे रोग ही तिची कृपा आहे. परंतु एक वात्सल्य सोडून जाते आणि दुसरे सोडतच नाही.

६

हा फरक केवळ पौर्वात्य आणि पाश्चात्त्य मनोवृत्तीचा नाही, हे एर्राच्या काव्यावरून आणि 'इलियड'वरून स्पष्ट व्हावे. त्याचे एक कारण वाङ्मयप्रकारात आहे. मंगलकाव्य किंवा मृत्तिकापट्ट समाजाच्या रोगनिवारणासाठी रचला गेला. त्याला शेवट हवाच होता. वॉरहॅमरची पुराकथा अखंड चालणाऱ्या खेळासाठी आणि विक्रीसाठी रचली जाते. तिच्यात सेनानी हरला तरी त्याची मूर्ती पटावरून हद्दपार करणे परवडत नाही. विश्व बुडाले तरी ग्लॉट बंधू पुढल्या विश्वात हजर होतात, याचे स्पष्टीकरण कथानकाइतकेच निर्मितीच्या अर्थकारणात आहे. न संपणारा रोग आणि न संपणारी मालिका यांचे येथे चमत्कारिक सख्य जुळले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. युद्धखेळ ही बंदिस्त संहिता नसून प्रत्यक्ष केली जाणारी कृती आहे. दोन खेळाडू समोरासमोर बसतात, फासे टाकतात, कधी ग्लॉट जिंकतात कधी हरतात, आणि शेवटी पट आवरून मूर्ती पेटीत ठेवल्या जातात. कथेत नसलेला निरोप खेळात घडतो, असे म्हणता येईल. हा आक्षेप वजनदार आहे. मरीआईचा गाडा आणि आवरलेला पट या दोहोंत भयाला मर्यादेत बांधण्याची एकच मानवी गरज काम करते. पण पेटीत ठेवणे म्हणजे पाठवणी नव्हे. पाठवणीत देवतेशी बोलणे असते, तिची ओटी भरणे असते, आणि ती जावी यासाठी गावाने एकत्र येणे असते. पट आवरणारा खेळाडू देवतेला काही सांगत नाही. तो पुढच्या डावाची वेळ ठरवितो.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या चर्चेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, रोगदेवतेच्या कथेत भावंडांचे स्थान आलंकारिक नसते. सेबित्तींपासून शीतलेच्या बहिणींपर्यंत भावंडपण हे रोगाच्या अनेकतेला नात्यात बसविण्याचे साधन आहे, आणि रावणाच्या भावांप्रमाणे ते मतभेदाची जागाही होऊ शकते. ग्लॉट बंधूंत अनेकता एका देहात विरघळते आणि ती जागा बुजून जाते. दुसरी, रोगाला जवळचे नाते देणे ही प्राचीन समाजाची भाबडी चूक समजण्याचे कारण नाही. ज्याच्याशी नाते आहे त्याला थांबविता येते, समजाविता येते, निरोप देता येतो, हा त्यामागचा व्यवहार होता. आधुनिक अद्भुतकथेने ते नाते अचूक हेरले, त्याची ऊबही उचलली. पण त्या नात्यातील अंतर तिने घेतले नाही. लहान मुलाच्या अंगावरून देवी उतरल्यावर आई तिला हात जोडून वाटेला लावीत असे. आल्टडॉर्फच्या वेशीवर असे कोणी उभे नाही.